भुलाबाईच्या गाण्यांनंतरचा आवाज

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्याला टाके पडले. त्यातलं बरंचसं आता धूसर झालं आहे, मुलं विचारतात तेव्हा मला आरोपींची नावंही धड सांगता येत नाहीत. हे एक प्रकरण मात्र मनातून जात नाही. यात गुन्हा दाखल झाला नाही, कुणाला अटक झाली नाही, वरिष्ठांना पाठवलेला अहवाल जेमतेम पानभर होता. पोलिसी भाषेत याला 'अर्ज चौकशी' म्हणतात आणि अशा अर्जांचे गठ्ठे प्रत्येक ठाण्यात पडलेले असतात. नावं कुणाचीच देणार नाही. ज्याची ही हकिगत आहे त्याला मी नुसता कॅसेटवाला म्हणेन, त्याचं गावही त्याला तसंच म्हणत असे.

तेव्हा मी मेहकर तालुक्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. बायको-मुलं शिक्षणापायी अकोल्याला आणि मी ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटा. डबा खानावळीतून यायचा. सकाळी परेड, हजेरी, मग टपाल. एका सकाळी टपालात अधीक्षक कार्यालयाचा लिफाफा आला आणि सोबत एक छोटं खोकं. खोक्यात गाण्यांची कॅसेट होती.

आमचे जमादार ती उलटीसुलटी करून बघायला लागले. "साहेब, हे तं आमच्या लग्नाच्या जमान्यातलं सामान हाय. आता कोण घेते हे?"

कोण घेतं ते सोबतच्या अर्जात लिहिलं होतं. पुण्यातल्या एका मुलीने ती टपालाने मागवली होती. हल्ली शहरातल्या तरुण मुलांना पुन्हा कॅसेटचा नाद लागला आहे म्हणे. पुण्यातलाच एक तरुण स्वतःच्या हिमतीवर एक लहानशी कंपनी चालवत होता. खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांची गाणी तो कॅसेटवर काढायचा आणि विकायचा. या कॅसेटवर आमच्या भागातल्या भुलाबाईच्या, म्हणजे कोजागिरीपर्यंत मुली-बाया घरोघरी म्हणतात त्या गाण्यांचा संग्रह होता. कॅसेटी भरून, डब्यांत घालून, पार्सलं करून देशभर पाठवण्याचं काम आमच्या हद्दीतला एक माणूस घरबसल्या करत होता. तोच कॅसेटवाला.

मुलीची तक्रार अशी होती. ती स्वयंपाक करता करता कॅसेट ऐकत होती. गाणी संपली, पण हात पिठात असल्याने तिने यंत्र बंद केलं नाही. बराच वेळ नुसती खरखर झाली आणि मग एका बाईचा आवाज आला. तिने तो पुन्हा पुन्हा ऐकला, तिला झोप लागली नाही, शेवटी तिने सरळ पोलिसांना लिहिलं. 'ती बाई मदत मागत आहे असं वाटतं, कृपया शोध घ्यावा,' हे तिच्या अर्जाचं शेवटचं वाक्य होतं. अशी माणसं अजून आहेत याचं मला बरं वाटलं.

कॅसेट ऐकायला ठाण्यात यंत्र नव्हतं. जमादारांनी घरून त्यांच्या आंदणातला टेपरेकॉर्डर आणला. गाणी पुढे सरकवून आम्ही शेवट लावला. खरखर झाली, मग खट्ट असा आवाज झाला आणि बाई बोलली.

"दार उघडा ना हो. केव्हाची म्हणून राह्यली. एकलीच हाय मी इथं. कोणी ऐकून राह्यलं का?"

मग दारावर तीन-चार थापा. मग रीळ संपलं.

आवाज चिरका नव्हता, रडका नव्हता. थकलेला होता. मला तो तसाच वाटला. जमादारांची थट्टा बंद झाली. आमचं गणित सरळ होतं. कॅसेट नवी, गाणी गेल्या कोजागिरीच्या सुमाराला भरलेली, म्हणजे त्यामागचा आवाज त्यानंतरचा. कुठेतरी एक बाई दाराआड होती आणि आम्हाला तिच्याविषयी काहीच माहीत नव्हतं. बेपत्ता महिलांच्या नोंदी काढल्या. वयाचा अंदाज आवाजावरून काय करणार? पण जो काही केला, त्यात बसतील अशा दोघी-तिघी निघाल्या. त्यांतल्या एकीचा बाप दर बाजाराला ठाण्यात यायचा आणि काही न विचारता बाकावर बसून परत जायचा. त्याला मी काही बोललो नाही.

स्टेशन डायरीला नोंद घेऊन आधी गोपनीय चौकशी केली. कॅसेटवाल्याच्या गावच्या पोलीस पाटलाला बोलावलं. तो म्हणाला, "माणूस वाईट नाही साहेब. कोणाच्या लेन्यात नाही, देन्यात नाही. पण त्या टिनाच्या खोलीचं दार कधी उघडं दिसत नाही. अन् आतून बायायचे आवाज येतात."

"बायांचे?"

"हाव. कधी गाणे म्हणतात, कधी हासतात. घरात तं बाई मानूस नाही त्याच्या. मंडळी मरून जमाना झाला."

गावातली दुसरी दोन माणसंही हेच सांगत होती. सगळ्यांनी आवाज ऐकले होते, पण दार वाजवून बघायला कुणी गेलं नव्हतं. गाव एखाद्या माणसाविषयी किती दिवस अंदाज बांधू शकतं, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं आहे. विचारायला मात्र कुणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन आम्ही गेलो. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर, मागे वांगी-मिरच्यांचा लहानसा वाफा आणि त्याला लागून ती टिनाची खोली. कॅसेटवाला पंचावन्नच्या आसपासचा, सडपातळ, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. पोलिसांना पाहून तो घाबरला नाही, उलट खुर्च्या शोधायला लागला. घरात खुर्ची एकच होती. मी वयाने मोठ्या माणसाला, मग तो संशयित का असेना, अहो-जाहो करतो. त्याला म्हटलं, तुमच्या खोलीची झडती घ्यायची आहे. तो म्हणाला, घ्या. कशासाठी, ते त्याने विचारलं नाही. हेही मला खटकलं.

खोलीच्या भिंतींना आतून गोधड्या टांगलेल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. मधल्या टेबलावर कॅसेट भरायची यंत्रं एकावर एक रचलेली, एका वेळी चार-पाच कॅसेटी भरल्या जातील अशी. कोपऱ्यात पार्सलं तयार होती. खोके, त्यात वर्तमानपत्राचे बोळे, वर पत्ता. बंगळूर, गोवा, कलकत्ता, एक तर परदेशातलं. त्या खोलीत तो दिवसभर बसायचा आणि कधीही न पाहिलेल्या माणसांना गाणी पाठवायचा. त्याच्याकडे मात्र काही येत नसावं, कारण दारावरची टपालाची पेटी कोळ्याच्या जाळ्याने भरली होती.

बाई कुठेच नव्हती. घरातल्या एका पेटीत लुगडी, बांगड्या आणि केस अडकलेली फणी सापडली. महिला शिपाईने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मंडळीचं हाय ते. देऊन टाका म्हणे सारे. कोणाले देऊ?"

पंचनामा केला आणि त्याला विचारपुशीसाठी ठाण्यात आणलं. पुण्याच्या त्या तरुणाला फोन लावला. तो बिचारा गडबडून गेला. कॅसेटवाल्याबद्दल त्याचं मत एकदम चांगलं होतं. मूळ गाणी तो स्वतः भरून द्यायचा, पुढचं सगळं इकडे होत असे. गाण्यांनंतर काही आवाज आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आता विचारपुशीबद्दल थोडं सांगतो. खोटं बोलणारा माणूस उत्तर आधी ठरवून येतो, त्यामुळे प्रश्न बदलला तरी तो ठरवलेलंच सांगतो. त्याची नजर दाराकडे किंवा तुमच्या हातांकडे असते. कॅसेटवाला यातलं काही करत नव्हता. मी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला, आवाज ऐकवला आणि विचारलं, "ही बाई कोण?"

त्याचे डोळे यंत्रावर. मग हळूच म्हणाला, "नीट ऐकू नाही आलं साहेब. आखीन एक डाव लावा."

लावलं. "आता सांगा."

"थोडा आवाज वाढवा ना."

वाढवला. पुन्हा लावलं. त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले. मी म्हटलं, "ओळखीचा आहे का आवाज?"

"आखीन एक डाव, साहेब."

जमादारांचा संयम संपला. "काऊन बे, बहिरा हायेस का? रोज गाणे भरतं अन् चार शब्द ऐकू येत नाहीत तुले? साहेब, हा टाइमपास करून राह्यला."

मलाही तेच वाटत होतं. वेळ काढणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले होते. पाणी मागतील, लघवीला जातील, छातीत दुखतं म्हणतील. हा नुसता 'पुन्हा लावा' म्हणत होता, आणि इकडे माझ्या डोक्यात ती बाई दारावर थापा मारत होती. मी आवाज चढवला. ती जिवंत आहे का, एवढं तरी सांगा म्हणालो.  खाली बघून त्याने फक्त बोट वर केलं. अजून एकदा.

त्या वेळी जमादारांचं यंत्र बिघडलं. बाईचा आवाज एकदम जाडा झाला, ओढल्यासारखा झाला, आणि आतून चरचर ऐकू यायला लागली. तोवर दगडासारखा बसलेला तो माणूस टेबलावर झेपावला.

"बंद करा! मशीन रीळ खाऊन राह्यली! बंद करा हो!"

जमादारांना वाटलं, पुरावा नष्ट करतो आहे. त्यांनी त्याला मागून धरलं. खुर्ची पडली, चष्मा पडला. तो सुटायची धडपड करत नव्हता, फक्त एक हात बटणापर्यंत पोचावा म्हणून तडफडत होता. बटण मीच दाबलं. झाकण उघडलं तर रिळाची फीत दोन चाकांमध्ये गुंडाळली गेली होती.

"ओढू नका साहेब," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. ओढू नका."

हा पोलिसांना घाबरलेल्या माणसाचा आवाज नव्हता. मी जमादारांना त्याला सोडायला सांगितलं. तो यंत्रापुढे बसला. छोटा पेचकस मागून घेतला आणि फीत एकेक पदर करून सोडवायला लागला. आम्ही दोघे उभे राहून बघत होतो. फीत चुरगळली होती, तुटली नव्हती. ती त्याने नखाने सपाट केली, परत आत गुंडाळली आणि कॅसेट दोन्ही हातांत धरून बसला.

मी शेजारी बसलो. म्हटलं, "तुमची मंडळी?"

त्याने मान हलवली आणि तो रडायला लागला. आवाज न करता, बराच वेळ.

पाणी पिऊन झाल्यावर सगळं उलगडलं. पूर्वी डोणगावला त्याचं कॅसेटचं दुकान होतं. भजनी मंडळं, गोंधळी, लग्नातली गाणी, निवडणुकीच्या गाडीवरच्या घोषणा, सगळं तो याच टिनाच्या खोलीत भरायचा. मोबाइल आले आणि दुकान बसलं. पुण्याचा तरुण भेटला तेव्हा कामाला पुन्हा जीव आला. पण नव्या कोऱ्या कॅसेटी महाग पडायच्या, म्हणून दुकानातला जुना माल आणि भंगारवाल्याकडून मिळालेल्या कॅसेटी तो पुसून पुन्हा वापरायचा.

"पुरी पुसा लागते साहेब. गाणे संपले तरी मशीन शेवटवर चालू ठेवा लागते, मंग मागचं सारं जाते. त्या दिवशी गाणे झाले अन् लाईन गेली. म्हटलं, आता पुढं कोण ऐकते? काढली न डबीत घातली."

म्हणजे आमचं गणितच उलटं होतं. गाण्यांमागचा आवाज गाण्यांच्या कितीतरी आधीचा होता. कधीतरी बायांचं एक भजनी मंडळ आत गात होतं, दार आतून बंद होतं, घरी पाहुणे आले होते आणि हाताशी कुणी नसलेली त्याची बायको बाहेर उभी राहून हाका मारत होती. भजन थांबलं, यंत्र चालू राहिलं आणि तेवढं बोलणं रिळावर उतरलं. ती भरणी बिघडली म्हणून कॅसेट रद्दीत पडून राहिली.

"मग पहिल्याच वेळी का नाही सांगितलं?" मी विचारलं. "एवढं सगळं रामायण झालं नसतं."

"सांगितलं असतं तं तुम्ही बंद केलं असतं ना साहेब."

 खरंच बंद केलं असतं. जबाब घेतला असता, पाकीट सील केलं असतं आणि जेवायला गेलो असतो.

तो पुढे बोलत राहिला. "साऱ्या तालुक्याचे आवाज भरले मी. मेलेल्या मानसायचे पोट्टे येत, बाबाचं भजन हाय का म्हणून, मी काढून देओ. तिचा काऊन भरीन? ते तं घरातच होती. गेल्यावर सारं दुकान पालथं घातलं, कुठंच नाही सापडली. कशी बोले, तेही इसरून गेलतो. आज तुम्ही लावलं अन् मले पहिले वाटलं, भाएरूनच आवाज देऊन राह्यली."

जमादारांनी पडलेला चष्मा उचलून शर्टाने पुसून त्याला दिला. मग ते चहा सांगायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

पण पोलिसाने रडण्यावर विश्वास ठेवून भागत नाही. ग्रामपंचायतीतली मृत्यूची नोंद काढली. हिवरा आश्रमला बाईचा भाऊ राहतो, त्याला बोलावून आवाज ऐकवला. "बाईच हाय माह्यी, बहीण," एवढं बोलून तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. ती कावीळ होऊन दवाखान्यात वारली होती, उशाशी नवरा आणि भाऊ दोघेही होते. संशयाला जागा नव्हती. बेपत्ता मुलीचा बाप पुढच्या बाजाराला आला आणि नेहमीसारखा बाकावर बसून गेला. त्याच्यासाठी माझ्याकडे तेव्हाही काही नव्हतं.

आता प्रश्न कॅसेटचा उरला. ती गुन्ह्यातला मुद्देमाल नव्हती, मालकी त्या मुलीची होती. मी पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "काका, ती माझी नाहीच. त्यांना द्या ना." तसं लेखी मागवून घेतलं, कारण कागदाशिवाय आमचं पान हलत नाही, आणि कॅसेटवाल्याला बोलावून पोच घेऊन कॅसेट ताब्यात दिली. त्याने ती रुमालात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. अहवाल गेला, अर्ज निकाली निघाला.

मला वाटलं, संपलं. पण नंतर एका बाजाराच्या दिवशी तो ठाण्याच्या दाराशी पिशवी घेऊन उभा दिसला. पिशवीत त्याचा स्वतःचा, चांगला टेपरेकॉर्डर होता. मी म्हटलं, "काय, ऐकता की नाही रोज?"

"नाही साहेब."

"का? फीत खराब झाली?"

"फीत चांगली हाय. पण एकल्यानं ऐकवत नाही. दोन डाव लावून पाह्यली. ते म्हणते, कोणी ऐकून राह्यलं का. अन् घरात मी एकलाच." मग त्याने विचारलं, "तुम्हाले टाइम हाय का जरासा?"

ठाणेदाराला वेळ कधीच नसतो. त्या दिवशीही बाहेर भांडणाच्या दोन पार्ट्या बसल्या होत्या. मी त्याला आतल्या खोलीत घेतलं, जमादार आपणहून आले, आणि आम्ही तिघांनी ते चार शब्द ऐकले.  तो चहा प्यायला, पिशवी उचलली आणि बाजारात गेला. त्यानंतर तो अधूनमधून येत राहिला. कधी कामाच्या गर्दीत मी त्याला बसवून ठेवलं, तो तक्रार न करता बसला. मला त्याच्या येण्याची सवय लागली. संध्याकाळी क्वार्टरवर जाऊन डबा उघडला की कधीकधी तिचा आवाज आठवायचा आणि मी अकोल्याला फोन लावायचो. काही काम नसताना. बायको विचारायची, काय झालं? काही नाही म्हणायचो, बोल तू.

गप्प राहणारा माणूस काहीतरी लपवतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात आणि ते खरंच आहे. मीही पुढे अनेकांना त्याच खुर्चीत बसवून बोलतं केलं. पण या प्रकरणानंतर कुणी उत्तर द्यायला वेळ लावला की मी लगेच आवाज चढवत नसे. माणसाजवळ लपवण्यासारखं जे असतं, ते दर वेळी गुन्हाच असतं असं नाही. काही माणसांना कित्येक वर्षांत कुणी एक प्रश्नही विचारलेला नसतो. त्यांच्यासमोर आपण खुर्ची ओढून बसतो, नाव विचारतो, घरी कोण कोण आहे विचारतो, आणि ती आपल्याकडे अशा काही नजरेने बघतात की आपल्याला त्यात अपराध दिसतो.

पुढे माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी ठाण्यात हारतुरे झाले, सरपंच-पाटील येऊन गेले. गर्दी ओसरल्यावर तो आला. त्याने हार आणला नव्हता, पिशवीही नव्हती. जमादार तर आधीच निवृत्त झाले होते. टेबलापाशी उभा राहून त्याने नव्या ठाणेदाराच्या, अजून रिकाम्या असलेल्या खुर्चीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "साहेब, नवीन साहेब बोलावतीन का मले चौकशीले?"